उभं राहून वाजवलेला ढोल

सुकदेवचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. असोद्याच्या शिवारात केळीची कापणी ऊन चढायच्या आत उरकावी लागे. कापणारा घड उतरवून देई आणि सुकदेव तो डोक्यावर घेऊन बागेतून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत नेई. घड आपटला तर केळं आतून काळं पडतं, आणि ते दिल्लीला पोचल्यावर कळतं. पंचवीस वर्षांत सुकदेवने घड आपटला नव्हता. पाय एका तालात पडले पाहिजेत, एवढंच तो सांगे. ताल चुकला की मान हलते, आणि मान हलली की घड गेला.

तालाचं हे वेड त्याला चुडामणनानांच्या बँडने लावलं. नाना क्लॅरिनेट वाजवत आणि भटू ढोल. असोद्यापासून भुसावळपर्यंत लग्नाची तारीख आधी नानांना विचारत, मग भटजीला. नाना मोकळे नसतील तर मुहूर्त पुढे जाई. त्यांच्या वरातीत म्हाताऱ्या बायासुद्धा पदर खोचून नाचत.

धुळ्याचं एक मंडळ मात्र दरवर्षी स्पर्धा घेऊन खान्देशातल्या दहा उत्तम बँडांची यादी काढी. तिच्यात नानांचं नाव कधी आलं नाही. यादी वर्तमानपत्रात आली की नाना ती दहाव्या नावापर्यंत वाचत, कागदाची घडी करत आणि दुसऱ्याच गोष्टीवर बोलायला लागत.

सत्त्याऐंशी साली मंडळाला परीक्षकांत एक साधा श्रोता हवा होता. सुकदेव ज्या व्यापाऱ्याचे ट्रक भरायचा तो मंडळाचा देणगीदार होता. कानाचा पक्का माणूस म्हणून त्याने सुकदेवचं नाव सुचवलं. नाना घरी येऊन चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, "आता तू हायेस तठी. मले लई नको. दहावा नंबर आला तरी चालीन."

धुळ्याला सुकदेवला खुर्ची मिळाली, कोरा कागद मिळाला, पेन मिळालं. बसून करायचं काम त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. शेजारी जीवराम मास्तर होते, जन्मभर संगीत शिकवून निवृत्त झालेले. प्रत्येक बँडने मंचावर एका ओळीत उभं राहून दहा मिनिटं वाजवायचं, असा नियम होता.

नानांचा बँड मंचावर चढला तसं मैदान उठून उभं राहिलं. पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात ढोल सरकला. थोडासाच, पण सरकला.

का सरकला ते सुकदेवला तिथल्या तिथे कळलं. भटू बावीस वर्षं चालत वाजवत आला होता. त्याचा ताल हातात नव्हता, पायात होता. डावा पाय पडला की काठी पडायची. इथे त्याला एका फळीवर उभा केला होता.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात मास्तर कानाशी आले. "गर्दी जमवणं निराळं आणि वाजवणं निराळं. तालाला किती देताय?" सुकदेवला वाटलं, बोललो तर गाववाल्याची बाजू घेतली म्हणतील. शिवाय ताल चुकला होता हे खोटं नव्हतं. कामातली चूक ती चूक, असं तो स्वतःच सगळ्यांना ऐकवत आला होता. त्याने दहापैकी तीन लिहिले. मास्तरांनी कागदावर नजर टाकून मान डोलावली, आणि सुकदेवला बरं वाटलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त हेच टोचलं.

नाना अकरावे आले.

नानांनी परीक्षकांना दोष दिला नाही, भटूला दिला. त्याचे हात थकले असं म्हणून त्याच्याकडून ढोल काढून घेतला. भटूलाही ते पटलं. तो दीपनगरच्या वीजकेंद्रात राख भरायच्या कामाला लागला. वरात जवळ आली की तो दार लावून घेतो, असं त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, बाजारात सुकदेवच्या बायकोला सांगितलं. सुकदेवने ते जेवताना बायकोकडून ऐकलं आणि पुढचा घास घेतला. दोन वर्षं तो गप्प राहिला. लग्नांना जाणं त्याने सोडलं.

मग एका सकाळी बागेतून निघताना त्याचा पाय तालाबाहेर पडला आणि घड खाली आपटला. कापणाऱ्या चिंधाने विचारलं, "काय भाऊ, केळ रुसली का तुह्यावर?" सगळे हसले. सुकदेवने ट्रक भरून दिला आणि तसाच नानांकडे गेला.

नाना क्लॅरिनेट पुसत बसले होते. सुकदेवने भटूच्या पायांचं सांगितलं, मग आपण दिलेल्या आकड्याचं सांगितलं.

"तीन?"

"तीन."

"मास्तरनं किती देल्ते?"

"चार."

नानांचा हात थांबला. "मंग तठी तोंड कामून उघडलं नही?"

"खुर्चीवर बसेल व्हतो, नाना."

"मले नको सांगू. ज्याचा ढोल गेला त्याले सांग."

तो दीपनगरला गेला. भटूच्या पापण्यांवर राख होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. "दोन वर्सं मी माह्या हातांले शिव्या देल्या," तो म्हणाला. एकदा चालत वाजवून नानांना दाखव, असं सुकदेव म्हणाला, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. "फुकट नही. पुरा बँड लाव. नानाले सुपारी दे. लोकं पाहतीन असं."

भादव्यात कोणाची लग्नं नसतात. सुकदेवने घरावर पत्रे टाकायला साठवलेली मजुरी नानांपुढे ठेवली. नानांनी ती घेतली. काम ते काम, म्हणाले.

सकाळी बँड असोद्याहून निघाला तो मेहरूणच्या तलावापर्यंत वाजत गेला. वाटेत लोक विचारत होते, नवरदेव कुठे आहे. भटूच्या तळहातांना फोड आले, पण ढोल एकदाही सरकला नाही. सुकदेव सगळ्यांच्या मागून चालत होता. नाचला नाही.

तलावाशी नानांनी भटूला तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींच्या तारखा सांगितल्या. भटूने त्या ऐकल्या. सुकदेवकडे त्याने पाहिलं नाही.

पत्रे त्या वर्षी पडले नाहीत. त्या मजुरीत नवरदेव नसलेली एक वरात आली, असोदा ते मेहरूण.