दामूची टक

"मशीन बंद केली, भाऊजी," एवढंच शांतावहिनी फोनवर बोलल्या. मी कोहमाऱ्याच्या धाब्यावर चार जणांना दामूचाच किस्सा रंगवून सांगत होतो. किस्स्यातला दामू अजून जिवंत होता... त्याला तसाच ठेवून मी उठलो.

दामू आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतला खलनायक. मी विनोदी नट, म्हणजे शेवटच्या अंकात त्याच्या हातून मरण्यासाठीच जन्मलेला. माझं मरण फार लांबलं की तो हातातली अंगठी मांडवाच्या खांबावर आपटायचा. टक. की पडदा पडायचा. नंतर रंग पुसताना म्हणायचा, "लवकर मरत जा ना बे, लोकं उठून जाऊन राहिले."

मग तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने त्याचाच घसा धरला. गोंदियाच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली. ज्या आवाजाला पोरं घाबरून आईच्या मांडीत तोंड लपवायची, तो आवाज गेला आणि घरघर उरली. नळीत कफ साचला की दुसरी बारीक नळी आत घालून मशीनने तो ओढून काढायचा. सिस्टरने स्पष्टच सांगितलं, घरचं माणूस हे शिकल्याशिवाय सुट्टी नाही. दिवस थोडे उरलेत हे दामूला कळलं होतं. पाटीवर तो एकच शब्द लिहायचा : घर.

दामूची बायको म्हणून शांतावहिनीच हात धुऊन उभ्या राहिल्या. सिस्टर म्हणाली, "नळी आत जाताना ओढ नाही द्यायची. बाहेर काढताना अंगठा नळीच्या या भोकावर, म्हणजे ओढ लागते. और सुनो भाभी, नळी आत असेल तोवर आपला श्वास रोखून धरा. तुम्हाला गुदमरलं की समजा, त्यांनाही गुदमरलं."

नियम सोन्यासारखा. फक्त तो ढिवराच्या लेकीसाठी केलेला नव्हता. वहिनी माहेरच्या तलावात बुडी मारून कमळाचे कंद काढत वाढलेल्या. त्या श्वास रोखून निवांत उभ्या, नळी आत, आणि दामूचे ओठ निळे, डोळे बाहेर. ते डोळे मी इतक्या प्रयोगांत पाहिले होते की मला वाटलं, गडी रंगात आला. सिस्टरनेच नळी खेचली.

"कितना दम है भाभी आपका?"

"तलावातली आहो मी," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. "याईले मी मारूनच टाकीन. नाही नेत घरी."

दामूचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्याने अंगठी खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटली. टक. वहिनींकडे पाहून पुन्हा टक.

"पडदा पाडा म्हणून राहिला," मी म्हणालो. "टक झाली की नळी बाहेर, वहिनी."

सिस्टरला ते पुरेसं वाटेना. "अन् वाजवलीच नाही तर? टक होवो न होवो, झटपट काढायची." तेवढं पक्कं करून घेतल्यावरच तिने त्यांना मुर्रीला घरी जाऊ दिलं.

घरी वहिनींचा कारभार कडक. गळ्यावर ओलं फडकं, वीज गेली की पायाने दाबायची मशीन, भेटायला येणारा कितीही मोठा असो, आधी साबणाने हात. मी दामूला गावभरच्या भानगडी सांगायचो. लांबलो की टक. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठोर प्रेक्षक तोच...

रोग छातीत उतरला होता. एका दुपारी वहिनींनी नळी घातली, टक झालीच नाही. नळी त्यांनी शिकवल्याप्रमाणे लगेच काढली. घरघर थांबली होती, श्वासही.

परवा गेलो होतो. मशीन धुऊन पुसून कोपऱ्यात ठेवली होती, वर दामूची नाटकातली काळी शाल. वहिनी चहा ओतत होत्या. तेवढ्यात शेजारच्या पाण्याच्या मोटारीने हवा धरली आणि ती घरघरायला लागली. वहिनींचा हात होता तिथेच थांबला. छाती हलेना. चहा कप भरून बशीत, बशीतून खाली सांडत होता, आणि त्या तशाच, श्वास रोखून... तलावातली बाई, किती वेळ तशी राहिली असती कोण जाणे.

मी नखाने पाण्याच्या ग्लासावर वाजवलं. टक.

वहिनींनी श्वास सोडला.