पहिल्यापासून

आमच्या खराडीच्या सोसायटीतल्या एक काकू संध्याकाळी बागेतल्या बाकावर मुलाचा जुना, बटणांचा व्हिडिओ गेम खेळत बसतात. मधूनच पुटपुटतात, "अरे, उडी मार ना मेल्या!" मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, त्या दिवशी सकाळपर्यंत तो यावरच खेळत होता. तिकडून त्याने टचस्क्रीनचा म्युझिक प्लेअर पाठवला. त्यात गाणी आहेत आणि हाच खेळही आहे. काकू त्यावर गाणी तेवढी ऐकतात.

"त्यात चित्र किती स्वच्छ दिसतं," मी एकदा म्हणालो.

"दिसतं ना. पण अंगठ्याला काही लागतच नाही हो. काच पुसायला माझ्याकडे बाई येते."

मग त्यांनी आपला गेम माझ्या हातात दिला. बटणं मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. पडद्यावर दोन पर्याय आले: नवा खेळ, किंवा जुना पुढे चालू. मी दुसरा निवडणार, तोच काकूंनी माझा हात धरला.

"अहो, ते नको! मी रोज पहिल्यापासूनच खेळते. तिथं तो थांबलाय."