कड्यावरची मादी

स्पितीत आमचा वाटाड्या दोर्जे याने दुर्बिणीतून हिमबिबट्याची मादी दाखवली. समोरच्या कड्यावर ती बसली होती आणि तिची दोन पिल्लं नुकतीच केलेली शिकार खात होती. तेवढ्यात आमच्यातल्या कुलकर्णींनी ड्रोन उडवला.

"साहेब, खाली घ्या, ती बिथरेल," दोर्जे कळवळून म्हणाला.

"एकच मिनिट!" म्हणत त्यांनी तो आणखी जवळ नेला. मादी दचकून उठली, पिल्लांना घेऊन कड्यापलीकडे गेली. शिकार तशीच पडून राहिली.

"आता पुढची शिकार कधी मिळेल, कोण जाणे," दोर्जे पुटपुटला.

जिथे गवतही मुश्किलीने उगवतं, तिथलं पिल्लांच्या तोंडचं अन्न आम्ही पळवलं होतं. कुलकर्णींच्या मोबाइलवर ड्रोनचा व्हिडिओ बघत बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली.

"तुम्हालाही व्हिडिओ पाठवू ना?" कुलकर्णींनी विचारलं.

मी मान डोलावली.