नेसरीची वडाप आणि मामांचा पडदा

नेसरीहून निघालो तेव्हा जीपमध्ये मामा आणि मी, दोघेच होतो. गडहिंग्लज सोडेपर्यंत मागे पाय ठेवायला जागा उरली नाही. मामांची ही वडाप (माणसं कोंबून धावणारी खासगी जीप) रिकामी पळवणं त्यांना पाप वाटायचं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मामांची शुगर जुनी. डोळ्यांचा पडदा कोल्हापुरात तपासून या, असं गावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि सुट्टीवर आलेल्या मला मामींनी पहारेकरी म्हणून शेजारी बसवलं होतं.

"डोळ्यांस्नी काय धाड भरल्या?" म्हणत मामा मला लांबूनच पाट्या वाचून दाखवत होते. त्यांची भीती मला ठाऊक होती. डोळे गेले की गाडी गेली, आणि गाडीशिवाय मामा मला तरी डोळ्यांपुढे आणता येईनात.

कोल्हापूरला पोचल्यावर शाहूपुरीत आधी मिसळ झाली. कट (तिचा झणझणीत रस्सा) दोनदा मागून झाला, वर गोड चहा. मी डोळे वटारले.

"डॉक्टर बंदच करणार की. त्याच्या आधी घिऊ दे."

दवाखान्यात बाकावर मामा कधी नव्हे ते गप्प बसले. ओठ तेवढे हलत होते. मला वाटलं, जोतिबाचं नाव घेतायत. कसलं काय, आतले पेशंट तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते आणि मामा ती पाठ करत होते. पाळी येताच तक्त्याकडे धड न बघता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं.

डॉक्टरीणबाई कोल्हापूरच्याच. "पाठांतर झकास हाय मामा. आता पडदा बघू. तिथं पाठांतर चालत न्हाय."

थेंब घालून त्यांनी बाहुल्या मोठ्या केल्या, उजेड टाकून आत पाहिलं आणि कागदावर चित्र काढलं. पडद्यावर पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या, त्यांना आलेले फुगवटे, कडेला रक्ताचे ठिपके.

"साखरेनं ह्या नळ्यांच्या भिंती कच्च्या होतात आणि पाझरतात. पाझर अजून मधोमध पोचला नाही, म्हणून तुम्हाला दिसतंय. पोचायच्या आत लेसर करून घ्या. असलेली नजर टिकवता येते, गेलेली आणून देणं अवघड."

"दिसतंय तवर कशाला हात लावायचा?" म्हणत मामा उठले. तारीख न घेताच आम्ही निघालो. मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

थेंबांमुळे मामांना उन्हात डोळे उघडवेनात, म्हणून स्टिअरिंग माझ्या हाती आलं. माझ्या प्रत्येक गिअरला मामा शेजारून शिव्यांची लाखोली वाहत होते. गोकुळ शिरगावजवळ मी करकचून ब्रेक दाबला.

"का थांबलास रं? रस्ता मोकळा हाय की."

जीपच्या तोंडापुढे हातभर अंतरावर एक म्हातारी वैरणीचा भारा घेऊन उभी होती. मामांनी हातानं ऊन अडवून पाहिलं, डोळे किलकिले केले. म्हातारीनं दोन शेलक्या शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे ती आवाजावरून त्यांना सापडली.

मामांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "थेंबाचं सांजच्याला उतरंल. त्या पाझराचं?"

"ते नाही उतरणार, मामा."

"मग वळीव गाडी."

तारीख घेऊन आम्ही नेसरीला पोचलो, तेव्हा उशिराबद्दल मामींनी दोघांनाही झाडलं. परगावी जाऊन लोक काय काय बघून येतात. मामांना वाटेतली ती एक म्हातारी दिसली नाही, आणि म्हणून पुढची कितीतरी माणसं त्यांना दिसत राहिली.