चावडीपुढची चाल

बाळासोंच्या खाटेवर मी ऐसपैस बसलो आणि खालून 'कट्' आवाज आला. त्यांच्या क्लॅरनेटची पत्ती मोडली होती.

"पावणं, बूड हाय का जातं?" म्हणत त्यांनी नवी पत्ती जिभेवर भिजवली.

चाळीस वर्षं बाळासो शिरोळकडच्या यच्चयावत नवरदेवांपुढं वाजवत चालले. जेवायला मात्र त्यांचं पान मांडवाबाहेर, गोठ्याच्या अंगाला. मग त्यांच्याच पोराची, सुगतची वरात निघाली, तेव्हाही पुढं बाळासोच होते. "बौद्धवाड्यातला नवरा चावडीपुढनं घोड्यावर?" म्हणत गावानं वरात अडवली. दगड आले. घोड्यावरून पडलेला सुगत पुन्हा उठला नाही. कोर्टात मात्र अख्ख्या गावाला काही दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाळासो त्याच वरातीची चाल वाजवतात. डोळे मिटलेले, पाय जागच्या जागी चालणारे. त्यांच्या पत्नी शेवंताबाई तेवढा वेळ दार सताड उघडं ठेवतात. वाजवून झालं की नवराबायको दोन घास खातात. नाहीतर अन्न उतरत नाही.

चाल नेहमी मधूनच सुरू होते. न राहवून मी विचारलं, "बाळासो, सुरुवातीपासून का नाही वाजवत?"

"चावडीपतोर वाजवून झालंय की."