ऐकून घेणारे वकीलमामा

दवाखान्याला इतका भिणारा आणि दवाखान्यांविरुद्ध इतक्या शांतपणे लढणारा दुसरा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. हे माझे मामेसासरे. अमळनेरला वकिली करायचे. उपचारातल्या हलगर्जीपणाचे दावे लढवण्यात त्यांचा हातखंडा, पण सुई नुसती दिसली तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा एका दाव्यासाठी ऑपरेशन थिएटर बघायला गेले आणि दारातच कोसळले. ज्यांच्यावर दावा लावायचा, त्याच डॉक्टरांनी त्यांना शुद्धीवर आणलं. मामांनी आधी त्यांचे मनापासून आभार मानले, मग नोटीस दिली.

पक्षकार बोलू लागला की मामा डोळे मिटत, मान खिडकीकडे कलंडे आणि चेहरा लांबून येणारं गाणं ऐकल्यासारखा होई. नवखा माणूस बावचळून थांबे. मग हळूच आवाज येई, "मी जागा शे, भाऊ. बठ्ठं, सगळं सांग." बहुतेकांना मात्र ते समजावून परत पाठवत. फैजपूरचा एक केळीवाला मोडलेला पाय जरा वाकडा जुळला म्हणून तावातावाने आला होता. मामा म्हणाले, "डॉक्टरांनी करायचं ते सगळं नीट केलंय. गुण कमी आला म्हणजे चूक झालीच, असं नसतं." तो रागावून गेला आणि काही दिवसांनी केळीचा घड घेऊन आला.

माझी थोरली बहीण, अक्का, शिंदखेड्याला असते. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिचं पोट दुखायचं थांबेना. डॉक्टर म्हणाले गॅस, भाऊजी म्हणाले मनाचे खेळ. शेवटी धुळ्यात दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा कापडाचा बोळा. मी तिला मामांकडे नेलं. ती बोलत राहिली. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं, तरी मामा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग डोळे उघडून म्हणाले, "अक्का, दुखत व्हतं ना? मंग ते खरंच व्हतं."

अक्का तिथेच रडली.

मग त्यांनी सगळं समजावलं. दोन्हीकडचे केसपेपर मागायचे, तो पेशंटचा हक्क आहे; दुसऱ्या सर्जनचं लेखी मत घ्यायचं; मुदत टळायच्या आत ग्राहक आयोगात जायचं. "आणि डॉक्टरांशी भांडायला जायचं नाही." तारखा पडत गेल्या, निकाल अक्काच्या बाजूने लागला. भरपाईचं तिने विचारलंही नाही. रुग्णाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झालं, या निकालपत्रातल्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, "हे आधी ह्यांना वाचून दाखव." भाऊजींनी कागद घेऊन ती ओळ स्वतःच वाचली.

आता मामांनी वकिली सोडली आहे. कानही जवळजवळ गेलेत. तरी अक्का अधूनमधून एसटीने अमळनेरला जाते, त्यांच्याजवळ बसून कपाशीचं, नातवंडांचं काहीबाही सांगते. आवाज चढवत नाही. मामांना त्यातलं किती पोहोचतं कोण जाणे. ती सांगत असते आणि ते अधूनमधून मान हलवतात.