लवकर बांधलेला फेटा

निवडणूक जाहीर व्हायला बराच अवकाश होता, तेव्हाच कंत्राटदार आमच्या घरी आला. जिल्हा परिषदेच्या आमच्या गटात एकाच पक्षाचे दोन इच्छुक होते. एक हा, लातूरला राहणारा. दुसरा आमच्या शेताचा शेजारी. पक्षाचा निरीक्षक बूथप्रमुखांची मतं घेणार आणि त्यावरून तिकीट ठरणार, असं सांगितलं गेलं होतं. माझा मोठा भाऊ जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावी बूथप्रमुख आहे. कुणाचं नाव घ्यायचं, हे त्याचं ठरलेलं नव्हतं.

मी नांदेडला वर्तमानपत्रात काम करतो. सोयाबीनच्या राशीसाठी, म्हणजे मळणीला, गावी गेलो होतो. कंत्राटदारानं पोहे खाल्ले, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. निघताना दादानं त्याला फेटा बांधला. घरी आलेल्या मोठ्या माणसाला आमच्याकडे बांधतातच. शेजारी आला असता तर त्यालाही बांधला असता. बरोबरच्या कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. खाली ओळ होती : गावाचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी बांधावर भेटला. आमच्या विहिरीची पाइपलाइन त्याच्या रानातून उसाला येते. परवानगी तोंडी, वडिलांच्या वेळची.

"फेटा झ्याक बांधलास रे," तो दादाला म्हणाला. "माझ्या डोक्याचं माप हाय का तुझ्याकडं?"

"अण्णा, तुमी या की घरी. तुमालाबी बांधतो."

"मी कशाला येऊ? मी काय पाव्हणा हाय?" पायानं माती उकरत तो म्हणाला, "औंदा इथं नांगर खोल घालावा म्हणतोय. ट्रॅक्टरवाल्याला काय दिसतंय, खाली काय पुरलंय ते."

तो हसत होता. दादाही हसला. घरी आल्यावर दादानं वहिनींना सगळं सांगितलं.

"तो फोटो काढून टाका म्हणावं त्यांना," वहिनी म्हणाल्या.

"काढा म्हणलं की तो बी रुसंल," दादा म्हणाला.

लवकर प्रचाराला फिरणाऱ्या उमेदवाराला काठावरची, अजून न ठरलेली मतं मिळतात, असं आम्ही बातमीत धरून चालतो. दादाला काठावर राहण्यातच निर्धास्त वाटत होतं. ठरलेलं नव्हतं तोवर तो दोघांचाही होता, आणि पाणी चालू होतं.

निरीक्षक उदगीरच्या विश्रामगृहात आला, त्या दिवशी मी दादाबरोबर गेलो. "अण्णाचं नाव घेतो न् मोकळा होतो," तो वाटेत म्हणाला. एकेकाला आत बोलावत होते. बाहेर दोन्ही इच्छुकांची माणसं चेहरे वाचत उभी होती. दादा आत गेला आणि लगेच बाहेर आला. आम्ही गाडीत येऊन बसलो.

"मला इचारलंच न्हाई," तो म्हणाला. निरीक्षकानं मोबाइलवरचा फोटो त्याच्यासमोर धरला होता. तुमचं माहीतच आहे, म्हणाला, कंत्राटदाराचं नाव लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

"मग सांगायचं ना, दादा."

"कसं सांगू? कंत्राटदाराचा माणूस खुर्चीला खेटून उभा होता."

तेवढ्यात शेजाऱ्याचा फोन आला. दादा गाडी वळवत होता, म्हणून फोन मी धरला, स्पीकरवर.

"काय सांगितलास?"

"तुमचंच नाव घेतलं, अण्णा."



"शपथ?"

"शपथ."

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

कुणी कुणाचं नाव घेतलं, ही निरीक्षकांकडची यादी बाहेर फुटते. ती आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत आणून देणारी माणसं मला माहीत आहेत. हे मी दादाला सांगितलं नाही.

तिकीट अजून जाहीर झालेलं नाही. रोज सकाळी मी नांदेडहून फोन करतो. दादा लगेच उचलत नाही. आधी मोटार चालू करतो, उसात पाणी पोचलेलं बघतो, मग बोलतो.